हात थांबतो तिथे

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, ४ ऑगस्ट १९९६

चि. सौ. ऋता हिस,

अनेक आशीर्वाद. चि. प्रसादलाही सांगणे. इकडे आम्ही दोघं ठीक. बाहेर पाऊस आहे आणि नळाला पाणी नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

तुझं पत्र आणि सोबतची भयकथा पोचली. कॉलनीच्या दिवाळी अंकासाठी लिहितेयस हे वाचून बरं वाटलं. बापाचा एक तरी दुर्गुण उचललास. कथा मी कंपनीच्या बसमध्ये वाचली. तळोजा येईपर्यंत संपली आणि मला काहीही झालं नाही. आमच्या स्टोअरमधला गोटीराम शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "साहेब, हसताय कशाला? जोक्सचं पुस्तक आहे काय?" तुझ्या कथेवरचा हा पहिला अभिप्राय, नोंदवून ठेव.

पहिल्याच पानावर अमावास्या, पडकी विहीर, पिंपळ, घुबड आणि पांढऱ्या पातळातली बाई! एवढे पाहुणे एकदम बोलावलेस तर घरात उभं राहायला जागा उरत नाही आणि वाचक दारातूनच परत जातो. शिवाय नागपुरात राहून तू विहीर कधी पाहिलीस? जे पाहिलं नाहीस त्याला तू घाबरत नाहीस, आणि तू घाबरत नाहीस तर वाचकाने कशाला घाबरावं?

नायिकेला कुठे विहिरीवर नेऊ नकोस. तिला तिच्याच घरात ठेव. रोजचं काहीतरी करू दे आणि मग त्यातलं एकच काहीतरी जरासं चुकू दे. माणूस आरशासमोर भांग पाडतोय. त्याने कंगवा खाली ठेवला. आरशातल्यानेही ठेवला, पण जरा मागाहून. बस, एवढंच. त्याला दात दाखवायला लावू नकोस, डोळे लाल करू नकोस. तो नुसता उशिरा वागला, एवढ्याने वाचक रात्री दिवा लावून झोपतो.

आणि भूत दाखवायचं नाही. दार किलकिलं करायचं आणि आपण गप्प बसायचं. तू मोकळी जागा सोडलीस की वाचक तिथे आपल्या घरचं भूत आणून बसवतो. ते तुझ्या-माझ्या भुतापेक्षा केव्हाही जास्त चांगलं असतं, कारण ते त्याच्या ओळखीचं असतं.

मी यंदा आपल्या समोरच्या बंद फ्लॅटवर लिहिलं आहे. आपल्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट अजून कुलपातच आहेत. लोकांनी घेऊन ठेवले आणि राहायला कोणी आलं नाही. बोनकोड्याची राहीबाई भाजी घेऊन येते, तिला मी सहज विचारलं, "काय गं, या बंद घरांत भूतबीत असेल का?" ती म्हणाली, "कंचा भूत? मानूस नाय रं तिथं, भूत एकटा राहून काय करंल?" मला हे फार पटलं. तरी कथा लिहिलीच.

आज दुपारी ती तुझ्या आईला वाचून दाखवली. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. रविवारची दुपार, जेवणं झालेली, खिडकीतून लख्ख उजेड, आणि आई मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसलेली. रात्री कोणीही घाबरतं, त्यात लेखकाचं कौतुक नाही. भर दुपारी तांदूळ निवडणाऱ्या बाईचा हात थांबला तर गोष्ट जमली. मी वाचत जायचं आणि तिच्या बोटांकडे लक्ष ठेवायचं. आज नेमका हवा तिथे थांबला. उद्याच कथा हौसेरावांकडे देतो. वाशी मार्केटात दिवसभर कांदे-बटाटे विकणारा हा सातारकर आडत्या वर्षातून एक भयकथांचा दिवाळी अंक काढतो आणि वर्षभर त्याचीच स्वप्नं बघतो. असे लोक आहेत म्हणून आम्ही आहोत.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्याबद्दल. आई फोनवर 'हं, हं' म्हणते आणि लगेच 'बाबांना देते' म्हणते, हे मीही पाहतो. पण ती न्हावा शेवा बंदराच्या त्या एजंटांच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर कानाला फोनच असतो. घरी आल्यावर कंटाळा येत असेल. लग्नाची तारीख ठरवून तू सांगायला आलीस तेव्हा ती रागाच्या भरात जे बोलली ते मीही विसरलेलो नाही. ती सध्या घरात माझ्याशीही कमीच बोलते. दिवाळीला तू यावंस की नाही, ते तिला वेळ बघून विचारतो. तिला तुझी कथा दाखवली, पत्र अजून दाखवलं नाही.

कथा पुन्हा लिही. विहीर बुजवून टाक.

तुझे
बाबा


कोपरखैरणे
रविवार, १ सप्टेंबर १९९६

चि. ऋता,

आशीर्वाद. तुझी नवी कथा मिळाली. कुकरची शिट्टी होते आणि बाई स्वयंपाकघरात जाते तर गॅस पेटलेलाच नाही, हे चांगलं आहे. तिला किंचाळायला मात्र लावू नकोस. तिला गॅस पेटवू दे आणि कामाला लागू दे. वाचकाला किंचाळू दे.

प्रसादच्या प्रमोशनचं वाचून आनंद झाला.

माझी कथा परत आली. हौसेराव स्वतः घेऊन आले. गूळ आणि शेंगदाण्यांची पिशवी आधी टेबलावर ठेवली, तेव्हाच मी समजलो. म्हणाले, "श्यामराव, लिवलंय बेस. पर भ्या काय वाटंना बघा." मग जरा घुटमळून, "वहिनीस्नी वाचून दावली हुती न्हवं? हात थांबला हुता?" मी म्हटलं, थांबला होता. ते म्हणाले, "मग माझंच काय चुकत असंल," आणि चहा पिऊन गेले. मोठा भला माणूस. दुसरी कथा द्या, म्हणाले.

दुसरी लिहिली. वाचली. आईचा हात थांबला. हौसेरावांनी तीही परत केली, या वेळी माणसाबरोबर पाठवून.

मला राग आला, हे लपवत नाही. इतकी वर्षं मी त्या हातावर विसंबून लिहीत आलो. संपादक बदलले, हात चुकला नाही. आता हात म्हणतो भीती वाटली आणि वाचणारा म्हणतो नाही. वाटलं, मीच संपलो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली, त्याच्या आधी हे संपलं, इतकंच. लोक गाणं सोडतात, सिगारेट सोडतात, आपण भुतं सोडू.

मग गेल्या रविवारी मी जरा चेष्टा केली. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब दर आठवड्याला जिन्यात एक सर्क्युलर लावतात आणि घरोघरीही वाटतात. त्यांना लिहिण्याची हौस माझ्याहून जास्त. आई ताट घेऊन बसली, तेव्हा मी कथेच्या कागदांऐवजी ते सर्क्युलर हातात घेतलं आणि अगदी भयकथेच्या सुरात वाचायला लागलो. "गच्चीवरील टाकीचे झाकण... उघडे... आढळून आले आहे." एक थांबा घेतला. चष्मा वर सारला. "सभासदांनी... याची गंभीर... नोंद घ्यावी." मनात होतं की ती ताटातले खडे माझ्या अंगावर फेकेल आणि आम्ही दोघं हसू. बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो.

तिचा हात थांबला.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई गं! काटा आला अंगावर."

मला वाटलं, माझ्यावर उलटवतेय. मी खो खो हसलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तीही हसली. माझ्यामागून. जरा उशिरा.

आरशाचं उदाहरण मीच तुला लिहून पाठवलं होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे ते, मी दर नव्या लेखकाला देतो. ते माझ्या बैठकीच्या खोलीत दुपारी, उजेडात, माझ्या समोर बसेल असं वाटलं नव्हतं. मानेवरचे केस उभे राहिले असं मी शंभर वेळा लिहिलं असेल. खरोखर राहतात. थोडं खाजल्यासारखं होतं.

ती उठून आत गेली. माझ्याकडे पाठ करून तांदूळ डब्यात ओतत होती. मी दारात उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "स्मिता, ऋताचं पत्र आलंय. दिवाळीला येऊ का विचारतेय."

तिने डब्याचं झाकण लावलं. डबा फडताळात ठेवला. ओटा पुसला. मग वळली, मला दारात पाहून दचकली आणि म्हणाली, "चहा हवाय का?"

तुझी कथा पुढच्या वेळी जरा आखूड कर. शेवट आधीच्या पानावरच झालेला आहे.

ऋता, तुझ्या आईला ऐकू येत नाही. हे वाक्य या पत्रात सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मला ते लिहिता येईना म्हणून हौसेराव, गूळ, शेंगदाणे सगळं लिहिलं.

मला कळलंय हे तिला अजून माहीत नाही. आठवडा झाला. मी रोज सकाळी ठरवतो आणि संध्याकाळी पेपर उघडून बसतो. भीती कशी घालवावी यावर मी कधी काही लिहिलेलं नाही.

बाबा


कोपरखैरणे
रविवार, २९ सप्टेंबर १९९६

चि. ऋता,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर मिळाली. दुसऱ्यात तू मला जे जे म्हटलं आहेस, ते वाचलं.  एकाच घरात राहून, एकाच ताटलीतली भजी खाऊन मला कळलं नाही. मी तिच्याशी बोलायचो ते पेपरातून, आणि तिने उत्तर दिलं नाही तर मला वाटायचं, रुसली आहे. रुसलेल्या बायकोला फार छेडू नये असं मी समजत आलो. त्यात माझी सोयही होती.

आणखी एक सांगून टाकतो. ती ओटा पुसून वळली आणि दचकली, त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा विषय चांगला आहे. आपलीच बायको ऐकल्याचं सोंग करते आहे आणि नवऱ्याला ते दुपारच्या उजेडात कळतं. हौसेरावांनी डोक्यावर घेतली असती. दोन पानं लिहिलीसुद्धा. तिचा धक्का लागून पाण्याचा तांब्या पडला आणि पानं भिजली. मी ती पुन्हा लिहिली नाहीत. हौसेरावांना कळवलं, यंदा माझी कथा नाही. ते म्हणाले, "अंक सुना वाटंल, श्यामराव." बरं वाटलं, पण बदललो नाही.

गणपती गेल्यावर, मागच्या रविवारी, तिच्या समोर बसलो. चष्मा काढून खिशात ठेवला, कारण तिच्याकडे नीट बघायचं होतं आणि जवळचं मला चष्म्याशिवायच नीट दिसतं. तिने ताट घेतलं होतं. ती म्हणाली, "आज कागद नाहीत?" मी मान हलवली आणि तोंड तिच्याकडे ठेवून सावकाश म्हटलं, "स्मिता, कधीपासून ऐकू येत नाही?"

भूत दाखवायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते गोष्टीसाठी. घरात घ्यावं लागतं.

ती तांदूळच निवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रावसाहेबांच्या टाकीने," मी म्हटलं आणि सर्क्युलरचं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. असं तिला मी तुझ्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मला वाटलंच, त्या दिवशी कागद एकच कसा." डावा कान गेल्या वर्षीपासून गेला आहे. उजव्याने यंदा उन्हाळ्यापासून साथ सोडली. आवाज येतात, म्हणाली, पण लांब कोणीतरी भांडी घासत असल्यासारखे. शब्द कळत नाहीत. समोरचा बोलत असला तर तोंडावरून कळतं. आणि माझ्या कथा? "तुम्ही घाबरवायच्या आधी चष्मा वर सारता," ती म्हणाली. "सारलात की मी हात थांबवते." इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

"मग मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचायचं बंद केलं असतं. नाहीतरी आपण दुसरं काय बोलतो हो?"

 

मग ऑफिसचं निघालं. टेलिफोनच्या बोर्डाच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. कुठला दिवा लागला यावरून लाइन कळते, रोजची माणसं त्यांच्या बोलण्याच्या चालीवरून ओळखते. नवीन कोणी फोन केला की अंदाजानेच लाइन जोडून देते. एकदा कस्टमच्या साहेबाला तिने कँटीनला जोडून दिलं. सगळे हसले, तीही हसली, मग बाथरूममध्ये जाऊन बसली. "बोर्डावर बहिरी बाई कोण ठेवील?" ती म्हणाली. इतके दिवस ती रोज सकाळी डब्याबरोबर एवढी भीती घेऊन घराबाहेर पडत होती, आणि रविवारी दुपारी मी तिला बंद फ्लॅटमधल्या खुडबुडीने घाबरवायला बघत होतो.

शुक्रवारी तिला वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्र लावायला सांगितलं आहे. ती नको म्हणते, लोकांना दिसतं. मी म्हटलं, माझा चष्मा दिसतो तसं. त्यावर, "तुमच्या चष्म्याचं नाव काढू नका," म्हणाली. ऑफिसात तिच्या मोठ्या बाईंना, चारुलता मॅडमना, ती उद्या सांगणार आहे. डिस्पॅचला जागा आहे म्हणतात. देतील की नाही, माहीत नाही. मी बरोबर येतो म्हटलं तर ती नको म्हणाली. बोलायचं ते तिचं तीच बोलेल.

आता तुझं. हे मी शेवटी ठेवलं आहे, पण या वेळी टाळण्यासाठी नाही.

आज दुपारी ती ताट घेऊन बसली तेव्हा मी तिला विचारलं, ऋताचा फोन आला की तू लगेच माझ्याकडे का देतेस? ती म्हणाली, "एसटीडीवर काहीच कळत नाही. ती काहीतरी विचारेल आणि मी भलतंच बोलून जाईन. आधीच एकदा बोलून बसलेय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती रागावलेलीच आहे ना अजून? हल्ली फोन किती लवकर ठेवते."

ऋता, तू तिकडे समजत होतीस की आई रागावली आहे. ती इथे समजत होती की तू रागावली आहेस. मी मधे बसून दोघींचं खरं मानत होतो. कोणीच काही बोलत नव्हतं आणि त्या मोकळ्या जागेत तिघांनी आपापलं भूत आणून बसवलं. मी हे इतकी वर्षं लोकांना शिकवतो आहे, आणि आपल्या घरात एवढी चांगली भयकथा चालली होती ती मला वाचता आली नाही. मला याचं फार वाईट वाटतं. हे असं सरळ लिहायची मला सवय नाही, तू समजून घे.

मी उठून तुझं ते पहिलं पत्र आणलं, ज्याच्या शेवटी तू आईबद्दल आणि दिवाळीबद्दल विचारलं होतंस, आणि तिच्या हातात दिलं. वाचून दाखवलं नाही. तिने ते ताटाच्या कडेला टेकवून ठेवलं आणि तांदूळ निवडत निवडत वाचायला लागली. तुझी सासू, प्रसादचं ऑफिस, कॉलनीचा अंक. बोटं चालली होती. खडे बाजूला होत होते. मी समोर बसून होतो. पत्र उलटं दिसत होतं, त्यामुळे ती कुठल्या ओळीवर आहे ते मला कळत नव्हतं. शेवटच्या चार-पाच ओळी राहिल्या असाव्यात.

तिचा हात थांबला.

चष्मा आजही माझ्या खिशात होता.

 मग तिने ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "पेन द्या." मी म्हटलं, मी लिहितोच आहे पत्र, तुझा निरोप घालतो. "तुम्ही पाल्हाळ लावता," म्हणाली. तेव्हा खाली जागा सोडतो आहे.

तुझे
बाबा

ऋता,
फोन करू नकोस. ये.
आई